चॉक्टॉंमध्ये राहिलेल्या गोऱ्या पूर्वजाचा माग कसा काढावा

माझ्या सुनेचं माहेर ओक्लाहोमाच्या आग्नेय कोपऱ्यातलं. तिच्या आजीच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, "आपल्यातला एक जण गोरा होता, पण राहिला चॉक्टॉंमध्ये." चॉक्टॉ ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात, अशा जमातींना तिथे 'इंडियन' म्हणत. आजीच्या वाक्यापुढे काही नाही. गाव नाही, साल नाही, नुसतं एक आडनाव, तेही तीन जण तीन तऱ्हेनं सांगणार. नातू झाला तेव्हा त्याच्यासाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायला घेतली. आमच्याकडची बाजू कुलवृत्तांतावरून दोन दिवसांत उतरली. सुनेच्या बाजूला दोन वर्षं लागली. टेक्सास, ओक्लाहोमा, मिसिसिपी भागांत सोयरीक झालेल्या इतर मराठी घरांतही असा शोध सुरू असतो, म्हणून मला कळलेली वाट क्रमानं लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा, कारण माझं निम्मं वर्ष तिच्यापायी गेलं. आपली सवय बापाचं आडनाव धरून मागे जायची. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या घ्या की छापील कुलवृत्तांत, धागा पुरुषाचा असतो आणि बायका 'अमक्यांची कन्या' एवढ्यावर संपतात. चॉक्टॉंमध्ये हे नेमकं उलट होतं. मूल आईच्या कुळाचं, म्हणजे तिच्या इक्साचं. मुलाला वळण लावायचं, त्याचं बरंवाईट पाहायचं, हा अधिकार बापापेक्षा मामाचा मोठा. त्यामुळे चॉक्टॉ बाईशी लग्न केलेल्या गोऱ्या माणसाची मुलं पूर्ण चॉक्टॉ मानली जात. बाप मात्र कुळाबाहेरचाच राहायचा. जमीन, भत्ता, नागरिकत्व या सगळ्याचे कागद बायको आणि मुलं यांच्या हक्कासाठी तयार झाले. गोरा नवरा त्या कागदांत कडेला, समासात, 'अमकीचा नवरा' म्हणून सापडतो. त्याला शोधायचं तर आधी तिला शोधायचं.

आधी काळ, जागा आणि नातं ठरवा

'चॉक्टॉंमध्ये राहिला' या दोन शब्दांत निदान चार वेगळी आयुष्यं असू शकतात. १८३० च्या आधी मिसिसिपी आणि अलाबामात चॉक्टॉंच्या मूळ मुलखात आलेला व्यापारी किंवा दुभाष्या. १८१८ पासून आलेले मिशनरी आणि त्यांच्या शाळांतले सुतार, शेतकरी, शिक्षिका. अमेरिकन सरकारनं १८३१ ते १८३३ मध्ये केलेल्या हद्दपारीनंतर पश्चिमेकडच्या इंडियन टेरिटरीत, म्हणजे आज ओक्लाहोमा आहे त्या मुलखात, चॉक्टॉ कुटुंबाबरोबर गेलेला किंवा तिथे लग्न करून राहिलेला माणूस. आणि अमेरिकन यादवीनंतर आलेला कूळ-शेतकरी, कोळसा-कामगार किंवा रेल्वेवाला. मिसूरी-कॅन्सस-टेक्सास रेल्वे १८७२ मध्ये चॉक्टॉ नेशनमधून, म्हणजे टेरिटरीतल्या चॉक्टॉंच्या स्वतःच्या मुलखातून गेली, मॅकअलेस्टर आणि क्रेब्झच्या बाजूला खाणी सुरू झाल्या आणि १८९० पर्यंत त्या मुलखात चॉक्टॉंपेक्षा गोरे जास्त झाले.

या चौथ्या गटातल्या बहुतेकांचं चॉक्टॉंशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नव्हतं. चॉक्टॉ जमिनीवर परवान्यानं राहायचं, खंडानं शेती करायची, एवढंच. घरातल्या कथेत पुढे तेच 'चॉक्टॉंमध्ये राहिला' आणि मग 'आपण थोडे चॉक्टॉ' असं होत जातं. माणूस यांपैकी कुठल्या गटातला हे कळल्याशिवाय कुठल्याही यादीत त्याला शोधायला जाऊ नका.

हे ठरवायचं तर आजपासून मागे या. घरातलं बायबल, थडग्यावरचे दगड, मृत्यूचे दाखले, १९१० आणि १९०० ची जनगणना. १९०० ची जनगणना मला सगळ्यात उपयोगी वाटते. इंडियन टेरिटरी तेव्हा वेगळी मोजली गेली आणि इंडियन कुटुंबांसाठी स्वतंत्र तक्ते होते. त्यांत जमात, आईची आणि बापाची जमात, रक्ताचं प्रमाण (म्हणजे माणूस किती अंशानं इंडियन) असे रकाने आहेत. एकाच घरात नवऱ्यापुढे 'गोरा' आणि बायकोपुढे 'चॉक्टॉ' लिहिलेलं दिसलं की अर्धं काम झालं. १८९० च्या जनगणनेची वाट पाहू नका. १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर तिचा जवळजवळ सगळा भाग गेला.

डॉझ आयोगाचे कागद

अमेरिकन सरकारनं १८९३ मध्ये नेमलेल्या डॉझ आयोगानं चॉक्टॉंसह पाच राष्ट्रांची सामाईक जमीन माणशी वाटण्यासाठी याद्या केल्या. १८९८ च्या कर्टिस कायद्यानंतर नोंदणी जोरात झाली आणि १९०६ मध्ये जवळपास संपली. १९१४ मध्ये थोडी नावं वाढली. अडीच लाखांहून जास्त लोकांनी अर्ज केले, एक लाखाच्या आसपास मंजूर झाले. ही नोंदणी चॉक्टॉंनी मागितलेली नव्हती, त्यांचं सामाईक राष्ट्र मोडण्यासाठी ती झाली. आपण ज्या कागदांवर इतकं अवलंबून राहतो, ते कशासाठी लिहिले गेले हे वाचताना लक्षात राहू द्या.

चॉक्टॉंच्या यादीचे भाग आहेत: रक्तानं नागरिक, लग्नानं नागरिक, नवजात आणि अल्पवयीन मुलं, मुक्त झालेले गुलाम आणि त्यांची संतती, आणि मिसिसिपी चॉक्टॉ. तुमचा गोरा पूर्वज त्या वेळी हयात असेल तर 'लग्नानं नागरिक' या भागात पाहा. तो आधीच वारला असेल तर मुलांच्या कार्डावर पाहा. नोंदणीच्या कार्डावर कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, वय, नातं, रक्ताचं प्रमाण, आधीच्या जमाती-यादीतली नोंद आणि आईबापांची नावं असतात. आईबापांच्या रकान्यात, ते कुठल्या काउंटीचे हे जिथे लिहायचं, तिथेच गोऱ्या बापापुढे 'नॉन-सिटिझन', म्हणजे चॉक्टॉ नेशनचा नागरिक नाही, असं असतं. माझ्या सुनेच्या पणजीच्या बापाचं नाव पहिल्यांदा मला असंच, त्या एका शब्दाशेजारी दिसलं.

इथे एक चूक मी केली, ती तुम्ही टाळा. यादीतला क्रमांक आणि कार्डाचा क्रमांक हे दोन वेगळे आकडे आहेत. अंतिम यादीत माणसाला स्वतःचा क्रमांक मिळाला, कार्ड मात्र कुटुंबाचं. मी यादीतला आकडा कार्डाचा समजून तीन आठवडे भलत्याच कुटुंबाच्या मागे होते. क्रम असा ठेवा: ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीच्या शोधात नाव टाका, तिथून कार्ड क्रमांक घ्या, कार्ड उघडा, आणि मग त्याच क्रमांकाचं अर्जाचं पाकीट उघडा. फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीत ही चित्रं पाहता येतात. मूळ कागद टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या शाखेत आहेत.

अर्जाचं पाकीट म्हणजे खरा खजिना. कार्ड एका पानाचं. पाकिटात शपथेवरची प्रश्नोत्तरं असतात. लग्न कुठे झालं, कुणी लावलं, परवाना होता का, बायको जिवंत आहे का, तिला सोडलं होतं का, दुसरं लग्न कुणाशी केलं. गोऱ्या नवऱ्याला हे प्रश्न जास्त कडकपणे विचारले जात, कारण त्याचा हक्क पूर्णपणे लग्नावर उभा होता. आपल्या कामाचं सगळं त्या उत्तरांत येतं.

नाकारलेले अर्जही वाचा, आवर्जून. अमान्य झालेल्या पाकिटांत तीन-चार पिढ्यांची माहिती सांगितलेली असते. फक्त सावध राहा. जमीन मिळेल या आशेनं आणि हिश्शावर काम करणाऱ्या वकिलांच्या भरीनं अनेक कुटुंबांनी आजीला चॉक्टॉ ठरवलं होतं. अशा पाकिटातली गोऱ्या बाजूची माहिती, म्हणजे जन्मगाव, स्थलांतर, भावंडं, बहुधा खरी निघते, कारण तिथे खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. चॉक्टॉ बाजूची प्रत्येक ओळ मात्र दुसऱ्या कागदाशी ताडून पाहा. १८९६ चे अर्जही वेगळे आहेत, आणि १९०२ मध्ये स्थापन झालेल्या चॉक्टॉ-चिकसॉ नागरिकत्व न्यायालयानं ज्यांचे निकाल फिरवले त्यांचे कागदही वेगळे. एका माणसाची तीन ठिकाणी तीन पाकिटं असू शकतात.

लग्न, परवाना आणि कोर्ट

चॉक्टॉ नेशनचं स्वतःचं संविधान, विधिमंडळ, न्यायालयं होती. कोण राहणार, कोण लग्न करणार याचे कायदे ते करत. १८७५ च्या कायद्यानुसार चॉक्टॉ बाईशी लग्न करू पाहणाऱ्या गोऱ्याला सर्किट कोर्टाच्या कारकुनाकडून परवाना घ्यावा लागे, २५ डॉलर भरावे लागत, आणि चांगल्या चालचलणुकीचा दाखला द्यावा लागे, त्यावर त्याला ओळखणाऱ्या किमान दहा प्रतिष्ठित चॉक्टॉ नागरिकांच्या सह्या. त्या दहा नावांकडे नीट पाहा. त्यांत सासरा असतो, मेहुणा असतो, शेजारी असतो. मला बायकोच्या मामाचं नाव तिथेच मिळालं आणि तिथून तिचं अख्खं कूळ उलगडलं.

त्याच कायद्यात अजून एक अट होती. विधुर झालेल्या गोऱ्यानं पुढे चॉक्टॉ नसलेल्या बाईशी लग्न केलं तर लग्नानं मिळालेले सगळे हक्क संपत. एखादा माणूस एका यादीत नागरिक आणि पुढच्या यादीत नागरिक नाही असं दिसलं, तर माणूस बदलला असं लगेच ठरवू नका. बायको वारली असेल.

लग्न न करता राहणाऱ्यांना कामाचा परवाना लागे आणि त्याची फी भरावी लागे. चॉक्टॉ नेशनचे हे दप्तर ओक्लाहोमा सिटीत हिस्टॉरिकल सोसायटीच्या इंडियन अभिलेखांत सूक्ष्मपटांवर (मायक्रोफिल्मवर) आहे. ते काउंटीवार लावलेलं आहे, आणि त्या काउंट्या आजच्या नाहीत. १९०७ च्या १६ नोव्हेंबरला ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा जुन्या चॉक्टॉ काउंट्या मोडल्या. स्कलीव्हिल, शुगरलोफ, सॅन्स बॉइस, टोबुक्सी, गेन्स, जॅक्स फोर्क, किआमिशी, बोक टुकलो, टाउसन, ब्लू, ही नावं आजच्या नकाशात काउंटी म्हणून नाहीत. जुना नकाशा शेजारी उघडून ठेवा.

गोऱ्या माणसाच्या बाबतीत एक वाट अशी आहे, जी चॉक्टॉंच्या बाबतीत कमी उपयोगी पडते. चॉक्टॉ न्यायालयाचा अधिकार अमेरिकन नागरिकांवर चालत नसे. तो आरोपी असो की गुन्हा त्याच्याविरुद्ध झालेला असो, खटला अर्कान्सासमधल्या फोर्ट स्मिथच्या संघीय न्यायालयात जाई. न्यायाधीश आयझॅक पार्कर १८७५ पासून १८९६ पर्यंत तिथे होते. १८८९ नंतर दक्षिणेकडच्या भागाचे खटले टेक्सासमधल्या पॅरिस गावच्या कोर्टात जाऊ लागले. चोरटी दारू, गुरांची चोरी, लाकूडतोड अशा किरकोळ खटल्यांतही साक्षीदारांच्या जबान्या असतात. कोण किती वर्षांपासून कुठे राहतो, कुणाच्या शेतावर, हे पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात येतं. पूर्वज गुन्हेगार नसेल तरी त्याचं नाव साक्षीदार म्हणून शोधा. साधारण १८९० पासून इंडियन टेरिटरीतल्या संघीय न्यायालयांच्या विवाह-नोंदवह्याही सुरू होतात. पुढे त्या त्या भागातल्या काउंट्यांकडे गेल्या.

आणखी एक साधन माझ्या फार आवडीचं. १९३७-३८ मध्ये सरकारी रोजगार योजनेतून ओक्लाहोमाभर म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. इंडियन-पायोनियर पेपर्स म्हणून त्या ओळखल्या जातात, संख्या अकरा हजारांवर. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या वाचता येतात. पूर्वजाचं नाव नसलं तरी गावाचं, नदी ओलांडायच्या नावेच्या घाटाचं, दुकानाचं नाव टाका. शेजाऱ्याच्या आठवणीत तुमचा माणूस येऊन जातो.

मधली वर्षं

१८८५ ची चॉक्टॉ नेशनची स्वतःची जनगणना, १८६० ची संघीय जनगणना आणि १८५५-५६ ची भत्त्याची यादी, हे तीन टप्पे. १८६० ची गंमत अशी की इंडियन टेरिटरीतले गोरे रहिवासी अर्कान्सासच्या तक्त्यांच्या शेवटी 'अर्कान्सासच्या पश्चिमेकडच्या इंडियन जमिनी' या मथळ्याखाली आहेत. तिथल्या गुलामांचा तक्ताही वेगळा आहे.

त्या तक्त्यावरून नजर फिरवून पुढे जाऊ नका. चॉक्टॉंमध्ये राहिलेल्या अनेक गोऱ्यांनी आणि त्यांच्या सधन वंशजांनी माणसं गुलाम म्हणून ठेवली होती, हद्दपारीत त्यांना सोबत नेलं होतं. डॉझ आयोगाच्या मुक्त गुलामांच्या कार्डांवर, कोणाच्या मालकीत होते हे लिहिलेलं असतं. तुमच्या पूर्वजाचं नाव त्या रकान्यात सापडलं तर ते वंशावळीत लिहा, आणि त्या कुटुंबाची नावंही लिहा. चॉक्टॉ फ्रीडमनांच्या, म्हणजे या मुक्त गुलामांच्या, वंशजांसाठी तुमच्या घरातलं एखादं जुनं पत्र किंवा हिशेबाची वही हाच कदाचित एकमेव दुवा असेल.

१८३० ची भिंत

बहुतेकांचा शोध इथे अडतो. २७ सप्टेंबर १८३० ला डान्सिंग रॅबिट क्रीकचा करार झाला आणि चॉक्टॉंनी मिसिसिपीतली उरलेली जमीन सोडली. पुढच्या तीन वर्षांत हजारो माणसं हिवाळ्यात, पटकीच्या साथीत पश्चिमेकडे गेली. पण याच करारानं कागदांचा एक मोठा ढीग मागे ठेवला.

कराराच्या एकोणिसाव्या कलमानुसार ज्यानं जितकी जमीन कसली होती त्या मानानं राखीव जमीन मिळणार होती. ५० एकर किंवा जास्त कसणाऱ्याला ६४० एकरांचा पूर्ण सेक्शन, आणि खाली उतरत २ ते १२ एकरवाल्याला ८० एकर. म्हणून १८३१ मध्ये मेजर आर्मस्ट्राँग यांनी घरोघरची मोजदाद केली. आर्मस्ट्राँगच्या यादीत कुटुंबप्रमुखाचं नाव, कसलेले एकर, घरातली माणसं, सोळा वर्षांवरचे पुरुष, दहा वर्षांखालची मुलं आणि घर कुठल्या ओढ्यावर, हे सगळं आहे. चॉक्टॉ बायका असलेले गोरेही तिच्यात सापडतात. ही यादी 'अमेरिकन स्टेट पेपर्स'च्या सार्वजनिक जमिनीविषयीच्या सातव्या खंडात छापलेली आहे. ओढ्याचं नाव टिपून ठेवा, पुढे जमिनीच्या नोंदींत तेच कामी येतं.

चौदावं कलम जास्त महत्त्वाचं. ज्या चॉक्टॉ कुटुंबाला मिसिसिपीतच राहायचं होतं त्यानं करार मंजूर झाल्यापासून सहा महिन्यांत अमेरिकन सरकारच्या एजंटकडे नाव नोंदवायचं. प्रमुखाला ६४० एकर, दहा वर्षांवरच्या प्रत्येक अविवाहित मुलासाठी ३२०, त्याखालच्या मुलासाठी १६०, आणि पाच वर्षं तिथे राहिलं की जमीन कायमची. एजंट विल्यम वॉर्ड यांनी शेकडो लोकांना परत पाठवलं आणि फक्त ६९ कुटुंबप्रमुखांची नोंद झाली. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी दाद मागितली, १८३७ पासून आयोग बसले, १८४२ च्या कायद्यानं पुन्हा चौकशी झाली, काहींना जमिनीऐवजी जमीन-हक्काची पत्रं मिळाली. या चौकशांत घराघराची विचारपूस आहे: मुलं किती, त्यांची वयं, घर कुठे होतं, कोणी हुसकावलं. साक्षी देणाऱ्यांत शेजारी राहणारे गोरे भरपूर आहेत. तुमचा पूर्वज दावेदार नसेल, पण साक्षीदार असेल. 'मी अमक्याला पंधरा वर्षांपासून ओळखतो' हे वाक्य त्याच्या स्वतःच्या आयुष्याचीही तारीख सांगून जातं. चॉक्टॉ नेशननं याच सगळ्या देण्यांसाठी अमेरिकेवर दावा लावला. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो चॉक्टॉंच्या बाजूनं लागला, आणि त्या खटल्यासाठी जमवलेला पुरावाही छापलेला आहे.

जोडीला संघीय जमीन कार्यालयाच्या नोंदी पाहा. करारानंतर १८३३ मध्ये मिसिसिपीनं त्या प्रदेशात नोक्सुबी, केंपर, नेशोबा, लीक, विन्स्टन, ऑक्टिबेहा अशा कितीतरी काउंट्या एकदम निर्माण केल्या. म्हणजे १८३० च्या आधी तिथे राहणाऱ्या माणसासाठी काउंटीचं कोर्टच नव्हतं. तिथलं मृत्युपत्र किंवा विवाह-नोंद सापडत नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही.

त्याही आधी: व्यापारी, दुभाष्ये, शाळा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चॉक्टॉंमध्ये आलेले गोरे मोजकेच होते आणि त्यांच्याबद्दल बरंच लिहून ठेवलेलं आहे. जॉन पिचलिन हे करारांचे दुभाष्ये. त्यांची बायको सोफिया फोल्सम ही गोरा व्यापारी एबेनेझर फोल्सम आणि चॉक्टॉ आई यांची मुलगी. त्यांचा मुलगा पीटर पिचलिन पुढे चॉक्टॉ नेशनचा प्रमुख झाला आणि १८८१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये वारला. फ्रेंच-कॅनेडियन व्यापारी लुई लफ्लर ज्या टेकाडावर राहिला तिथे आज मिसिसिपीची राजधानी जॅक्सन आहे. त्याचा मुलगा ग्रीनवुड लफ्लोर चॉक्टॉंचा प्रमुख होता, पण करारानंतर तो मिसिसिपीतच राहिला. ही नावं दिली त्याचं कारण असं की तुमचा कमी प्रसिद्ध पूर्वज याच लोकांच्या नोकरीत, शेजारात किंवा सोयरिकीत असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्या कागदांत त्याला शोधा. पिचलिन कुटुंबाचे कागद टल्सातल्या गिलक्रीझ संग्रहालयात आहेत.

करारांचा मजकूर स्वतः वाचा, सारांशावर थांबू नका. १८०५ च्या माउंट डेक्स्टर करारात सॅम्युअल मिचेल नावाच्या गोऱ्याच्या, मॉली या चॉक्टॉ बाईपासून झालेल्या दोन मुलींसाठी, अल्झायरा आणि सोफियासाठी, जमीन राखून ठेवलेली आहे. आई, बाप, दोन मुली, सगळ्यांची नावं एका ओळीत. इतकी स्वच्छ नोंद पुढच्या कित्येक वर्षांत मिळत नाही. डान्सिंग रॅबिट क्रीकच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या पुरवणी करारात तर माणसांची नावं ओळीनं आहेत.

सरकारनं चॉक्टॉंसाठी टॉम्बिग्बी नदीवर सेंट स्टीफन्सला व्यापारी कोठी चालवली, नंतर ती फोर्ट कॉन्फेडरेशनला नेली. १८२२ पर्यंत ती होती. तिच्या उधारीच्या वह्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कोणी किती कातडी दिली, किती कापड आणि बंदुकीची दारू नेली, त्या ओळींत कितीतरी गोरे आहेत. त्याआधीचा काळ असेल तर मोबिल बंदर पाहा. ते फ्रेंच, मग ब्रिटिश, मग १८१३ पर्यंत स्पॅनिश होतं. तिथल्या कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी १७०४ पासून आहेत, आणि व्यापाऱ्यांची चॉक्टॉ आईपासून झालेली मुलं त्यांत भेटतात. १८२४ पासून चॉक्टॉ एजन्सीचा, म्हणजे त्या सरकारी एजंटच्या कचेरीचा, वॉशिंग्टनशी झालेला पत्रव्यवहार सूक्ष्मपटांवर आहे. तो वाचायला वेळ लागतो, पण केंटकीतल्या चॉक्टॉ अकॅडमी या शाळेतल्या मुलांच्या याद्या त्यातच आहेत. ती शाळा १८२५ मध्ये सुरू झाली आणि मिश्र कुटुंबांतली पुष्कळ मुलं तिथे शिकली. मिशनरी पूर्वज असेल तर सायरस किंग्सबरी यांच्या एलियट आणि मेह्यू इथल्या ठाण्यांपासून सुरू झालेली अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची पत्रं हार्वर्डच्या ह्यूटन ग्रंथालयात आहेत.

लग्नाचा दाखला या काळात मिळणार नाही. लग्नं चॉक्टॉ रिवाजानं झाली, आणि मिसिसिपीच्या कायद्यानं १८३० मध्ये ती वैध मानली. मिसिसिपीतच १८३७ मध्ये गाजलेल्या फिशर विरुद्ध अ‍ॅलन या खटल्यात एका चिकसॉ बाईची मालमत्ता तिच्या गोऱ्या नवऱ्याच्या कर्जापोटी घेता येणार नाही असा निकाल लागला, कारण तिच्या समाजात बायकोची मालमत्ता बायकोचीच असे. चॉक्टॉंचे शेजारी आणि भाऊबंद असलेल्या लोकांचा हा खटला मुद्दाम सांगते, कारण गुरंढोरं, घर आणि शेत यांचे कागद बायकोच्या नावावर का निघतात ते त्यावरून कळतं.

नावं

लेखनिकानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. पुरवणी करारात फोल्समचं फुलसम झालं आहे आणि लफ्लरचं लाफ्लोर. मोडी कागद वाचताना आपण जसं एकाच आडनावाची चार वळणं धरतो, तसं करा. प्रत्येक रूपाची यादी करा आणि प्रत्येक यादीत सगळी रूपं तपासा. चॉक्टॉ नावांत शेवटी 'टबी' असेल तर बहुधा पुरुष, 'होना' असेल तर बहुधा स्त्री. एकाच बाईचं एका कागदात चॉक्टॉ नाव आणि दुसऱ्यात बेट्सी किंवा सोफी असं असू शकतं. मुलांच्या नावांवरून आणि वयांवरून दोघी एकच हे ठरवा.

इंग्रजी आडनाव म्हणजे गोरा बाप, असंही धरू नका. मिशनच्या शाळांत मुलांना देणगीदारांची नावं दिली जात. मुक्त झालेल्या गुलामांकडेही तीच आडनावं आहेत.

डीएनए आणि नागरिकत्व

गोऱ्या पूर्वजासाठी डीएनए चाचणी खरंच कामाची आहे. थेट पुरुषवंशातला कोणी हयात असेल तर वाय-डीएनए चाचणीनं त्याच आडनावाच्या व्हर्जिनिया किंवा कॅरोलायनातल्या घराण्याशी जोड लागू शकते. चॉक्टॉ असणं मात्र चाचणीनं सिद्ध होत नाही. चॉक्टॉ नेशन ऑफ ओक्लाहोमात डॉझच्या यादीत रक्तानं नोंदलेल्या पूर्वजाचा थेट वंशज असावं लागतं, रक्ताच्या प्रमाणाची किमान अट नाही. मिसिसिपीत मागे राहिलेल्यांच्या मिसिसिपी बँड या वेगळ्या चॉक्टॉ राष्ट्रात किमान निम्मं रक्त लागतं. लुइझियानात जेना बँड हे तिसरं, वेगळं राष्ट्र आहे. 'लग्नानं नागरिक' झालेल्या गोऱ्या पूर्वजावरून नागरिकत्व मिळत नाही.

ड्युरंट इथे चॉक्टॉ नेशनचा वंशावळ विभाग आहे. तिथे विचारायला जाताना 'आमच्यात चॉक्टॉ आहे का' असा प्रश्न घेऊन जाऊ नका. कार्ड क्रमांक, यादीतला क्रमांक, जुनी काउंटी, बायकोचं नाव आणि तिच्या आईचं नाव एका कागदावर लिहून न्या, आणि प्रत्येक नावापुढे ते कुठल्या कागदातून घेतलं हे लिहा. माझ्या कागदावर गोऱ्या पूर्वजाची ओळ सगळ्यात खाली होती. वर त्याची बायको, तिची आई, आणि परवान्यावर सही करणारा तो मामा.